दगडाखालचं पाणी

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. नकाशात तिच्या दोन्ही अंगांना समुद्र आहे, पण जमिनीवर नदीची रेघ शोधू गेलं तर सापडता सापडत नाही. उत्तरेला ओफांतो वाहते, तिच्या दक्षिणेला सगळा चुनखडीचा मुलूख. पाऊस पडतो, पण जमिनीवर ठरत नाही. फटींतून खाली उतरतो आणि भूगर्भातल्या वाटांनी परस्पर समुद्राला मिळतो. होरेस हा लॅटिन कवी इथल्याच शेजारच्या व्हेनोसाचा. दोन हजार वर्षांपूर्वी त्यानेही या मुलखाला तहानलेला म्हणून ठेवलं आहे. अशा कोरड्या दगडावर माणसांनी गावं वसवली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. आज जग त्यांचे फोटो काढायला येतं. फोटोत जे येत नाही ते त्या गावांच्या पोटात आहे. पेंटेकॉस्टच्या जोडून आलेल्या सुट्टीला आम्ही मित्रमंडळी म्युनिकहून तिकडे गेलो, तेव्हा मला मुख्य ओढ होती ती तेच पाहण्याची.

मंदारला समुद्र हवा होता, स्नेहलला जुनी चर्च आणि इम्रानला खाण्याच्या जागा. पुलियात या तिन्ही गोष्टी मुबलक आहेत, त्यामुळे माझ्या टाक्यांच्या यादीला कोणी हरकत घेतली नाही. मंदार आणि मी कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीतले किल्ले हिंडलो आहोत. गडावर पोचल्यावर बुरुजाआधी पाण्याचं टाकं गाठायचं, ही आमची तेव्हापासूनची सवय.

बारीहून मातेराला जायला अरुंद रुळांची छोटी रेल्वे आहे. शहर मागे पडलं की ऑलिव्हच्या बागा लागतात आणि मग जमीन चढत चढत मुर्ज्याच्या पठारावर येते. मे सरत आला होता. गहू पिवळा पडला होता, कडेकडेने खसखशीची लाल फुलं, आणि शेतांच्या बांधांना चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती. इथला गहू ड्यूरम, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा. वाटेत अल्तामुरा लागतं. तिथला पाव इतका नावाजलेला, की २००३ मध्ये युरोपीय संघाने त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं. पीठ दोनदा दळलेल्या रव्याचं, आंबवण घरचं, आणि कवच निदान तीन मिलिमीटर जाड असलंच पाहिजे असा नियम. इम्रानच्या हट्टापायी आम्ही तिथे उतरलो आणि पुढच्या गाडीपर्यंतचा वेळ एका भट्टीपाशी काढला. पाव हातात घेतला की आधी त्याचं वजन जाणवतं. बाहेरून काळपट तपकिरी, मोडला की आत हळदीचा हात लागल्यासारखा पिवळा, आणि वास भाजलेल्या गव्हाचा.

होरेस एकदा मित्रांबरोबर रोमहून ब्रिंदिसीपर्यंत आला होता. सोबत मेसिनास होता, वाटेत व्हर्जिलही येऊन मिळाला. त्या प्रवासावर त्याने लिहिलेल्या कवितेत एका गावाचा उल्लेख येतो. तिथे पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं, मात्र पाव असा की जाणता वाटसरू पुढच्या वाटेसाठी खांद्यावर लादून नेतो. गावाचं नाव त्याने दिलेलं नाही. अल्तामुराचे लोक ती स्तुती आपल्याच पावाची मानतात. पाणी विकत आणि पाव उत्तम, या दोन गोष्टी एका दमात सांगणारा माणूस या भागाचाच असणार. पाव आठवडाभर टिकावा म्हणून एवढा मोठा आणि जाड कवचाचा करायचा, कारण भट्टी सामाईक आणि पाळी ठरलेली. मातेरात तर प्रत्येक घराचा लाकडी कोरीव शिक्का असे. कणकेच्या गोळ्यावर तो उमटवला की भट्टीतून निघालेला आपला पाव ओळखता येई. शिळ्या पावाचे तुकडे पाण्यात भिजवून त्यावर टोमॅटो, कांदा, ऑलिव्हचं तेल आणि ओरेगानो घातलं की चाल्लेद्दा होतो. शेतावर जाणाऱ्याची ती न्याहारी. आम्ही तो दुपारी खाल्ला आणि रात्री पुन्हा मागवला.

मातेरा पुलियात नाही, सीमा ओलांडून बाझिलिकाता प्रांतात येतं. पण दगड तोच आणि तहानही तीच. स्टेशनातून बाहेर पडल्यावर साधं शहर दिसतं. मग एखाद्या कमानीतून कठड्याशी यावं, तर पायाखाली अख्खी दरी घरांनी भरलेली. एका बाजूला सास्सो काव्हेओझो, दुसऱ्या बाजूला सास्सो बारिझानो (दोन्ही मिळून सास्सी), मधल्या उंचवट्यावर चिव्हिता नावाचा सगळ्यांत जुना भाग आणि त्याच्या माथ्यावर कॅथेड्रल. खाली खोल घळीत ग्राव्हिना नावाची नदी, आणि पलीकडच्या कड्यात प्रागैतिहासिक काळापासून माणसाने वापरलेल्या गुहा. दगड मऊ. आत खोदत जायचं आणि निघालेल्याच दगडाचे चिरे करून पुढे खोली बांधायची, अशी घराची रीत. म्हणून दिसायला घर, आत गेलं की गुहा. एकाचं छप्पर ती वरच्याची वाट.

त्या वाटांवरून चालताना मी खाली बघत होते. छपरांच्या उतारांना पन्हळी, पन्हळीतून खापराचे नळ, नळ भिंतीत शिरलेले, आणि भिंतीखाली घंटेच्या आकाराचं टाकं: वर अरुंद तोंड, खाली रुंद पोट. एक टाकं भरलं की पाणी पुढच्या टाक्यात जातं आणि जाताना गाळ मागे सोडतं. या रचनेचा बारकाईने अभ्यास केला तो पिएत्रो लाउरेआनो या वास्तुविशारदाने. मातेराच्या जागतिक वारसा प्रस्तावामागेही त्यांचंच काम होतं आणि १९९३ मध्ये युनेस्कोने तो मान्य केला. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की सास्सीतली घरं नुसती दगडात कोरलेली नाहीत, ती पाण्याभोवती रचलेली आहेत. काही घरांचं मिळून एक अंगण असे, त्याला व्हिचिनातो म्हणत, आणि त्या अंगणाचं टाकं सामाईक. धुणं, भांडणं, बाळंतपणं, सगळं त्याच्या काठाशी. एका अंगणात टाक्याच्या तोंडाचा दगड पाहिला. दोरांनी त्याच्या कडेला बोटभर खोल खाचा पाडल्या होत्या, काही एकमेकींत मिसळून गेलेल्या. मंदार वाकून त्या खाचांत बोट घालून पाहत राहिला. गडावरच्या टाक्यांत पायऱ्यांनी उतरतात, इथे दोराने ओढतात, एवढाच काय तो फरक, असं तो म्हणाला.

सगळ्यांत मोठं टाकं मात्र वर, वित्तोरिओ व्हेनेतो चौकाच्या खाली आहे. त्याचं नाव पालोम्बारो लुंगो. जुनी लहान टाकी एकमेकांना जोडत, वाढवत एकोणिसाव्या शतकात ते पूर्ण झालं. पुढे जलवाहिनीचं पाणी आलं, टाकं वापरातून गेलं आणि लोक ते विसरले. १९९१ मध्ये चौकाचं काम चालू असताना ते पुन्हा सापडलं. गाइडबरोबर थोड्याथोड्या लोकांना सोडतात. लोखंडी जिन्याने उतरायला लागलं की हवा गार आणि ओलसर होते. खाली पोचल्यावर मान वर केली तर छत पंधरा-सोळा मीटर उंच. कोरताना मध्ये सोडलेले खांब असे प्रचंड, की आपण देवळात आलो आहोत असं वाटावं. भिंतींना चुना आणि भाजलेल्या खापराचा भुगा एकत्र करून केलेला गिलावा आहे, आपल्याकडे सुरखी म्हणतात तसा. मी हात लावून पाहिला. गुळगुळीत, लालसर, अजून धड. वर एका रेषेपर्यंत त्याचा रंग वेगळा आहे. पाणी कुठवर चढत होतं ते तेवढ्यावरून कळतं.

या टाक्यात ५० लाख लिटर पाणी मावतं. गाइडने आकडा सांगितला आणि मी तिथेच थांबले. मी लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या गावाला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली, २५ लाख लिटरची. स्टेशनाबाहेर लोक ती गाडी बघायला उभे होते, त्यात माझे आईवडीलही होते. मातेराच्या एका चौकाखालचं टाकं म्हणजे तशा पन्नास वाघिणींच्या दोन गाड्या, आणि तेही बहुतांशी डोंगरउतारावरून आणि छपरांवरून गोळा केलेलं. इम्रान पाणीपुरवठ्यातलाच इंजिनिअर आहे. तो खांबांमधलं अंतर पावलांनी मोजत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, “अगं, पंप नाही, काही नाही. नुसता उतार!”

इतकं शहाणपण असलेलं गाव देशाची लाज कसं ठरलं, हा प्रश्न मग टाळता येत नाही. व्हिको सोलितारिओतल्या गुहाघरात त्याचं उत्तर मांडून ठेवलं आहे. एक खोली. उंच पलंग, त्यावर मक्याच्या सालपटांची गादी, पलंग उंच अशासाठी की खाली कोंबड्या राहाव्यात. कपाटाचा खण ओढला की तान्ह्याचा पाळणा. बुटक्या मेजावर एकच मोठा वाडगा, सगळ्यांनी त्यातच खायचं. आणि मागच्या अंधारात खेचराची जागा, त्याच्या शेजारी शेणाचा खड्डा. खेचर आत बांधायचं, कारण घरातली सगळ्यांत महागडी चीज तीच आणि थंडीत तिची ऊबही हवी. आमच्यातलं कोणीच बराच वेळ बोललं नाही.

तुरीनचा डॉक्टर आणि चित्रकार कार्लो लेव्ही याला मुसोलिनीच्या सरकारने १९३५ मध्ये याच प्रांतात स्थानबद्ध केलं होतं. त्याचं पुस्तक १९४५ मध्ये आलं. त्यात त्याची बहीण, तीही डॉक्टर, मातेराहून आल्यावर जे सांगते ते वाचून इटली हादरली: हिवतापाने पिवळी पडलेली, डोळे आलेली मुलं तिच्यामागे धावत कोयनेल मागत होती. पुढाऱ्यांना मातेराला यावंच लागलं. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती येऊन गेले, १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी. १९५२ मध्ये खास कायदा झाला आणि पुढच्या वर्षांत सुमारे पंधरा हजार माणसांना सास्सीतून हलवून नव्या वसाहतींत नेलं.

माझ्या मते ती लाज तिथल्या माणसांची कधीच नव्हती. लोकसंख्या वाढत गेली आणि जमीन मूठभर मालकांच्या हाती राहिली. डोक्यावर छप्पर हवं म्हणून माणसांनी टाकीसुद्धा कोरडी करून राहायला घेतली. गावाने शतकानुशतकं सांभाळलेली व्यवस्था गरिबीने आतून खाल्ली. ज्या खोलीत पाणी राहायचं तिथे माणसं राहायला गेली की ओल तीच राहते, आणि तिच्यासोबत आजार येतो. हे त्या घरात उभं राहून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून कळत नाही.

संध्याकाळी आमच्यात वाद झाला. मंदारने सास्सीतलीच एक गुहा राहायला घेतली होती. पांढराशुभ्र चुना, मंद दिवे, आणि जमिनीत गोल काच बसवलेली, खाली जुनं टाकं दिव्याने उजळलेलं. स्नेहलला ते सहन होईना. “अरे, इथे एका खोलीत खेचरासकट दहा माणसं राहिली. त्यांना हलवायला सरकारला कायदा करावा लागला, आणि आपण त्याच खोलीत पैसे देऊन मजा करायची?” मंदारचं म्हणणं, मग ओस पडू द्यायचं होतं का? सगळी घरं सोडून गेल्यावर दरवाजे चिणले होते, छतं ढासळत होती. १९८६ च्या कायद्याने दुरुस्ती करणाऱ्यांना घरं द्यायची सोय झाली, तेव्हा कुठे दिवे लागले. २०१९ मध्ये तर मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. दोघांचंही खरं आहे. पण मी मनाने स्नेहलच्या बाजूला जास्त आहे. घरं जिवंत राहिली याचा आनंद आहे, तरी त्या खोलीत पूर्वी कोण राहत होतं याची एक ओळसुद्धा भिंतीवर नव्हती. काचेखालचं टाकं शोभेसाठी उजळलेलं, त्यात पाणी कुठून यायचं ते कोणी लिहिलेलं नाही. एवढं तर करायला हवं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन आम्ही आधी ला मार्तेल्लाला गेलो. तिथे पर्यटक जात नाहीत. सास्सीतल्या शेतकऱ्यांसाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लुदोव्हिको क्वारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेलं हे गाव. वळणावळणाच्या रस्त्यांवर जोडघरं, प्रत्येकाला अंगण, आणि गोठा घराला लागून पण भिंतीपलीकडे. माणूस आणि खेचर यांच्यामध्ये पहिल्यांदा भिंत आली ती इथे. गल्ल्यांना वळण देताना जुन्या अंगणांचा शेजार टिकावा असा विचार होता. रविवारची सकाळ, चर्चच्या उंच मनोऱ्याखाली म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती. त्यांतल्या एका आजोबांनी इम्रानच्या मोडक्यातोडक्या इटालियनला दाद देत सांगितलं की त्यांचा जन्म सास्सीतला. नव्या घरात आल्यावर आईने सगळ्यांत आधी नळ उघडून पाहिला आणि मग दिवसभर शेजारणी नाहीत म्हणून रडली. वस्तीची सगळी आखणी मला त्या एका वाक्यात कळली.

तिथून पूर्वेला, पुन्हा पुलियात. तूरी गावाच्या आसपास रस्त्याकडेला चेरीच्या पेट्या मांडून लोक बसले होते. इथल्या टपोऱ्या, कडक गराच्या जातीचं नाव फेरोव्हिया, म्हणजे रेल्वे. पहिलं झाड रुळांच्या कडेला होतं असं सांगतात. गाडीत खायला म्हणून किलोभर घेतली, ती कास्तेल्लाना येईपर्यंत पुरली नाही.

कास्तेल्लानाच्या गुहा मी आवर्जून यादीत घातल्या होत्या, कारण वर न ठरणारं पाणी खाली काय करतं ते तिथे दिसतं. गावकऱ्यांना एका खोल विवराची भीती होती. १९३८ मध्ये फ्रांको आनेल्ली हा गुहाशास्त्रज्ञ त्यात उतरला आणि पलीकडे वाट निघाली. आज तीन किलोमीटरचा फेरा करता येतो. पहिलं दालन साठेक मीटर खोल, छताला भोक, त्यातून उन्हाचा झोत तिरका खाली येतो. शेवटच्या शुभ्र दालनात लवणस्तंभ इतके पांढरे की दिवा बंद केल्यावरही डोळ्यांपुढून जात नाहीत. एक थेंब आमच्यासमोर सुटला, खालच्या स्तंभावर पडला, आणि तेवढ्यासाठी गाइडने सगळ्यांना गप्प केलं.

आल्बेरोबेल्लोच्या त्रुल्लींचे फोटो कॅलेंडरवर पाहिलेले असतात. चौकोनी पांढरं घर, वर करड्या दगडाचं शंकूसारखं छप्पर. चपटे दगड भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक, प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेलेला, मध्ये चुन्याचा कण नाही. कारण कराचं. इथली जहागीर आक्वाव्हिव्हा घराण्याची. नवी वस्ती झाली तर नेपल्सच्या राजाला कर द्यावा लागे, म्हणून घरं अशी बांधायला लावायची की तपासनीस येणार असं कळताच पाडता यावीत, असं तिथे सगळे सांगतात. १७९७ मध्ये गावकरी राजा चौथ्या फेर्दिनांदोकडे गेले आणि जहागिरीतून सुटले. त्याच वर्षी चुना वापरून बांधलेलं पहिलं घर अजून उभं आहे.

मोंती भागात हजारेक त्रुल्ली आहेत, पण खाली दुकानं इतकी की घर दिसत नाही. आया पिक्कोलात जावं. तिथे माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि मान वर केली की खरी हुशारी दिसते: शंकूवर पडलेलं पाणी कडेच्या दगडी पन्हळीत येतं, तिथून भिंतीतून थेट घराखालच्या टाक्यात. छप्पर दिसायला गमतीचं आहे, पण त्याचं काम पाणी धरायचं. टाकं खोदताना निघालेल्या दगडाचंच घर बांधायचं, म्हणजे पाण्याची जागा आधी आणि घर नंतर. एका आजींनी लोखंडी झाकण उचलून आम्हाला खालचं पाणी दाखवलं. बागेला अजून तेच घालतात म्हणाल्या.

पोलिन्यानोला मंदारला त्याचा समुद्र मिळाला. रोमन पुलाच्या जागेवरचा जुना पूल, त्याखाली कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी गोट्यांचा चिमुकला किनारा, वर कड्यावर लोंबकळणारी घरं, आणि हात पसरून उभा असलेला गायक दोमेनिको मोदुन्योचा पुतळा. गर्दी अफाट, पाणी काचेसारखं. तासभर पोहलो आणि बारी गाठलं.

बारीत सोमवार हाताशी होता. संत निकोलसच्या अस्थी १०८७ मध्ये बारीच्या खलाशांनी मायराहून आणल्या. त्यांच्यावर बांधलेल्या बॅसिलिकात कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स दोघेही नमस्कार करतात. जुन्या गावात बायका दारात फळ्या टाकून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसतात. सुरीचं टोक, अंगठा, झाली चकती. स्टेशनावरून दक्षिणेला जाणारी लाइन ब्रिंदिसीची. सुएझ कालवा झाल्यावर पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईची टपाल दर आठवड्याला याच रुळांवरून जायची आणि पुढे ब्रिंदिसीच्या धक्क्यावरून आगबोटीने.

मला मात्र जलवाहिनीच्या कंपनीची जुनी इमारत पाहायची होती. आतली सजावट दुइलिओ काम्बेल्लोत्ती या कलावंताची. फरशा, खुर्च्यांच्या पाठी, भिंती, सगळीकडे लाटा आणि धारा. हा डामडौल वाटला नाही. सेले नदीचे झरे आपेनाइन्सच्या पश्चिमेला, पाणी तिकडच्या समुद्राला जायचं. १९०६ मध्ये काम सुरू झालं. डोंगराला सुमारे पंधरा किलोमीटरचा बोगदा पाडून ते पाणी पूर्वेला वळवलं, आणि २४ एप्रिल १९१५ ला बारीत पहिली धार आली. पुढे टाचेच्या अगदी टोकाला, लेउकापर्यंत पोचायला १९३९ उजाडलं. चौकाचौकांत ओतीव लोखंडाचे नळ अजून उभे आहेत. बाटल्या आम्ही त्यांवरच भरल्या. इम्रान म्हणाला, जलवाहिनी आली आणि टाकी साफ करायची सोडून दिली, हेच सगळीकडे होतं. पाइप फुटला की मग टाकं आठवतं.

विमानाला वेळ होता म्हणून लातूरला फोन लावला. बाबांनी गच्चीचं पाणी एका मोठ्या टाकीत सोडायची सोय केली आहे, पण दरवर्षी तळाला गाळ साचतो. पालोम्बारोचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते सगळं खरं, पण गाळाचं काय करायचे गं ते लोक?”

“बाबा, एकच टाकं नसायचं. पहिलं भरलं की त्याच्या वरच्या तोंडातून दुसऱ्यात. गाळ पहिल्यातच बसतो.”

“वरच्या तोंडातून? तळाशी नळ नाही?”

“नाही. वरून.”

मागे आईला हाक मारल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, मिस्तरी उद्याच येणार आहे, टाकीआधी एक लहान ड्रम बसवून घेतो. ड्रम दोनशे लिटरचा पुरेल का, ते त्या इंजिनिअर मित्राला विचारून लगेच कळव. मी फोन इम्रानच्या हातात दिला.